सिग्नल काही पडेना

संगणकावरच्या खेळांत माणसं काय काय पराक्रम करतात! कोणी राक्षस मारतं, कोणी दुसऱ्याची मोटार पळवून भर शहरातून सुसाट हाकतं, कोणी एकट्याच्या बळावर हरत आलेलं महायुद्ध जिंकून देतं. आमच्या खेळात वेगमर्यादा पाळतात.

आमचा खेळ म्हणजे ट्रेन सिम्युलेटर. इंजिनाच्या केबिनमध्ये बसायचं आणि गाडी चालवायची. शत्रू नाही, खजिना नाही. साठचा बोर्ड दिसला की साठ, चाळीसचा दिसला की चाळीस. पिवळा सिग्नल दिसला की हात ब्रेककडे. स्टेशनात गाडी फलाटाला नीट लावायची, दारं उघडायची, चित्रातले प्रवासी चढेपर्यंत मुकाट बसायचं, दारं लावायची आणि निघायचं. शेवटच्या स्टेशनात वेळेवर पोचलं की थोडे गुण मिळतात. त्या गुणांचं पुढे काय करायचं हे आजवर कोणाला कळलेलं नाही. ज्या कामासाठी लोकांना पगार, पेन्शन आणि पास द्यावा लागतो, ते काम आम्ही पदरचे पैसे भरून करतो, आणि तेही रविवारी.

जर्मन इंजिनांत ‘सिफा’ नावाचं एक उपकरण असतं. चालक जागा आहे ना, हे पाहण्यासाठी त्यानं पायाखालचं पेडल अधूनमधून सोडून पुन्हा दाबायचं. अर्ध्या मिनिटात तसं केलं नाही तर आधी दिवा लागतो, मग भोंगा वाजतो, आणि तरीही साहेब हलले नाहीत तर गाडी आपली आपण थांबते. खेळात हे उपकरण बंद ठेवायची सोय आहे, पण आमच्यातला एकही सच्चा माणूस ते बंद ठेवत नाही. ‘अहो, गॅस बंद करा’ हे मला तीनदा सांगावं लागतं आणि त्या जर्मन भोंग्याला मात्र एकदाही वाजायची वेळ येत नाही, असं निरीक्षण घरातून नोंदवलं गेलं आहे. त्यावर माझ्याकडे उत्तर नाही.

अशा माणसाला खेळात नेमकं काय खुपतं, हे बाहेरच्याला कळणं कठीण. मोटारी पळवण्याच्या खेळात पोलिसाची गाडी अचानक झाडावर जाऊन बसली तर खेळणारा पोट धरून हसतो, मित्रांना बोलावून दाखवतो. आमच्याकडे डावा वायपर काचेला न टेकता हवेतच फिरताना दिसला की घास उतरत नाही. कारण उघड आहे. तिकडे मारामारी विकतात, चोरी विकतात. बाकीचं जग म्हणजे मागचा पडदा. इकडे विकायला दुसरं काही नाहीच. सगळं खऱ्यासारखं दिसतं आणि खऱ्यासारखं वागतं, याच एका गोष्टीचे पैसे घेतलेले असतात. ती गेली तर हातात काय राहिलं? रविवारची बिनपगारी ड्युटी.

हा नाद जगभर फोफावला तो २००१ साली मायक्रोसॉफ्टचा ट्रेन सिम्युलेटर आला तेव्हापासून. इंग्लंडमधला सेटल-कार्लाइल, अमेरिकेतले दोन, ऑस्ट्रियातला इन्सब्रुकचा आणि जपानमधले दोन, असे सहा मार्ग एकाच खोक्यात मिळत. त्याचा दुसरा भाग दोनदा जाहीर झाला आणि दोनदा रद्द झाला, शेवटचा २००९ मध्ये. रेल्वे अर्थसंकल्पात आपल्या तालुक्याचं नाव वर्षानुवर्षं ऐकलेल्यांना यात नवल वाटायचं कारण नाही. पहिला भाग बनवणाऱ्या ब्रिटिश मंडळींनीच २००७ मध्ये रेल सिम्युलेटर काढला, तोच वाढत वाढत आजचा ट्रेन सिम्युलेटर क्लासिक झाला, आणि २०१७ मध्ये त्याच्या जोडीला ट्रेन सिम वर्ल्ड आला. या धाकट्याच्या बारशांचा क्रम मोठा गमतीचा आहे. ‘ट्रेन सिम वर्ल्ड २०२०’ बाजारात आला २०१९ च्या ऑगस्टमध्ये. आणि २०२० च्या ऑगस्टमध्ये जो आला त्याचं नाव ‘ट्रेन सिम वर्ल्ड २’. दोन हजार वीस झाले, आता दोन! सेकंदा-सेकंदाला जपणाऱ्या गिऱ्हाइकांसाठी काढलेल्या खेळाची ही मोजणी.

मूळ खेळ स्वस्तात पडतो, सेलमध्ये तर पडत्या भावात. पैसा आहे तो अ‍ॅड-ऑनमध्ये. नवा मार्ग हवा, पैसे टाका. त्या मार्गावर नवं इंजिन हवं, पुन्हा टाका. तेच इंजिन जुन्या काळच्या निळ्या रंगात हवं, अजून एकदा टाका. जुन्या ट्रेन सिम्युलेटरचे सगळे अ‍ॅड-ऑन एकदम घ्यायचे म्हटले तर बेरीज हजारो पौंडांत जाते. सगळे घ्यावेत अशी कोणाची अपेक्षा नसते म्हणा. ज्यानं त्यानं आपल्या आवडीची लाइन घ्यावी. पण आवडीची लाइन एकच आहे, असा माणूस आमच्या जमातीत मला अजून भेटायचा आहे.

हे अ‍ॅड-ऑन बाजारात कसे उतरतात, ते बांधकाम चालू असलेल्या इमारतीत ज्यांनी फ्लॅट घेतला आहे त्यांना वेगळं सांगायला नको. जाहिरातीत संध्याकाळचं सोनेरी ऊन, ओल्या रुळांवर पडलेला प्रकाश, वळणावर झुकलेली गाडी. ताबा घ्यायला गेलं की लिफ्टच्या जागी खड्डा. ‘येतेय साहेब लिफ्ट, पुढच्या महिन्यात. तुम्ही राहायला तर या!’ फरक असलाच तर हा, की लिफ्ट नाही हे बिल्डर लेखी देत नाही. आमच्याकडे देतात. ज्या दिवशी विक्री सुरू, त्याच दिवशी ‘आम्हाला माहीत असलेले दोष’ अशी यादीही बाहेर पडते. अमुक गाडी तमुक स्टेशनापुढे जात नाही. पावसात काच ओली होत नाही. अर्ध्यावर सेव्ह केलेली फेरी शक्यतो पुन्हा उघडू नये. म्हणजे फिर्याद दाखल व्हायच्या आधीच कबुलीजबाब तयार, मुद्देमाल मात्र परत मिळणार नाही.

माझ्या वाट्याला जे आलं ते वेगवेगळ्या कंपन्यांच्या कृपेनं आलं. नावं घेत नाही. रेल्वेत चौकशी चालू असताना नावं घेत नसतात. एका मार्गावर दोन रुळांच्या बरोबर मध्ये भलं मोठं झाड आहे. गाडी त्याच्यातून आरपार जाते आणि पानही हलत नाही. एका स्टेशनावरचे प्रवासी गुडघ्यापर्यंत फलाटात रुतलेले असतात आणि तशाच अवस्थेत शांतपणे वर्तमानपत्र वाचतात. दुसऱ्या एका स्टेशनात सगळे चढतात, एक बाई तेवढ्या दारापाशी येऊन वळतात, चार पावलं मागे जातात, पुन्हा दारापाशी येतात. त्या चढल्याशिवाय ‘प्रवासी चढत आहेत’ ही पाटी जात नाही, आणि पाटी गेल्याशिवाय दारं लागत नाहीत. त्यांचं घरी काहीतरी राहिलं असावं. मी त्यांच्यासाठी एक अख्खी दुपार थांबलो आहे. बोगद्यात पाऊस पडतो, हे तर आता आम्ही हवामानाचाच भाग धरून चालतो. तो केबिनच्या आत पडायला लागला तेव्हा मात्र जरा वाईट वाटलं. एका डिझेल इंजिनाचा आवाज ठराविक पुलानंतर बंद होतो, आणि मग शंभर टनांचं ते धूड पुढचे वीस किलोमीटर मौनव्रत घेतल्यासारखं जातं. ब्रिटिश गाड्यांत पिवळ्या-लाल सिग्नलाआधी केबिनमध्ये एक भोंगा वाजतो, तो दोन-तीन सेकंदांत बटण दाबून बंद करायचा असतो, नाहीतर ब्रेक लागतात. एका अ‍ॅड-ऑनमध्ये तो भोंगा वाजतो, बटणही दाबलं जातं, पण दोघांची ओळखच करून दिलेली नाही. गाडी दर सिग्नलला थांबते. सुरक्षिततेच्या दृष्टीनं याच्याइतकी आदर्श रेल्वे जगात नसेल.

यावर कंपन्यांच्या बाजूनं भांडणारे काही उदार आत्मे असतात. त्यांचं ठरलेलं वाक्य: ‘खरी रेल्वे तरी कुठे वेळेवर असते? हाच तर खरेपणा!’ त्यांना इंग्लंडातली एक पद्धत सांगावीशी वाटते. तिथे गाडीला उशीर झाला, कुठे पंधरा मिनिटं तर कुठे अर्धा तास, की प्रवाशाला तिकिटाच्या पैशांतला काही हिस्सा परत मागता येतो. ‘डिले रिपे’ म्हणतात त्याला. म्हणजे खऱ्या गाडीनं रखडवलं तर पैसे परत, आणि तिच्या नकलेनं रखडवलं तर खरेपणाबद्दल टाळ्या.

नकलेचे पैसेही परत मिळतात, नाही असं नाही. स्टीम हे या खेळांचं मोठं दुकान. त्याचा नियम असा, की खरेदीला चौदा दिवस व्हायच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळून परत केलात तर पैसे परत. अ‍ॅड-ऑनच्या बाबतीत, तो घेतल्यापासून मूळ खेळ दोन तासांच्या आतच चाललेला असावा. बाकीच्या खेळांना हा नियम उदारच म्हणायचा. राक्षस बिघडलेला आहे की धडधाकट, हे पाच मिनिटांत कळतं. आमच्याकडे मुळात मार्गच दीड-दोन तासांचा. त्यात पहिला अर्धा तास केबिनमधली बटणं शोधण्यात जातो, कारण जे बटण खऱ्या इंजिनात असतं ते असलंच पाहिजे आणि नेमकं कुठे असतं हे आपल्याला माहीत असलंच पाहिजे. आणि बिघाड असतो तो नेहमी मार्गाच्या शेवटच्या टोकाला. पहिली तीन-चार स्टेशनं लखलखीत असतात. फलाटावरच्या कचऱ्याच्या डब्यात कचरासुद्धा असतो. बनवणाऱ्यांनीही तिथूनच सुरुवात केलेली असते, आणि विक्रीची तारीख त्यांना वाटेत कुठेतरी गाठते. मग घरं विरळ होतात, झाडं एकसारखी होतात, आणि शेवटच्या स्टेशनाच्या बाहेर तो कधीच न पडणारा लाल सिग्नल भेटतो. तोवर दोन तास उलटून गेलेले असतात.

कंपन्यांची बाजूही मांडली पाहिजे. शंभर किलोमीटरचा मार्ग उभा करायचा तर प्रत्येक सिग्नल, प्रत्येक सांधा, वेगाचा प्रत्येक बोर्ड जागच्या जागी हवा. त्यावर चोवीस तासांचं वेळापत्रक, ढिगानं गाड्या, आणि खेळणारा त्यातली कुठली निवडेल याचा नेम नाही. राक्षसाशी लढाई तपासणारा माणूस ती दिवसात पन्नासदा लढू शकतो. पावणेदोन तासांची गाडी तपासायला पावणेदोन तासच लागतात. घाईत तपासली तर ती वेगमर्यादा मोडून तपासली असं होतं. सकाळची लोकल सहा मिनिटं उशिरा निघाली म्हणून मालगाडीला सायडिंग रिकामं मिळत नाही, मालगाडी मेन लाइनवर तुंबली म्हणून दुपारची एक्स्प्रेस आडरानात उभी राहते. हा गुंता सोडवायला संगणकतज्ज्ञ पुरत नाही, सेक्शन कंट्रोलर लागतो. त्यात गिऱ्हाईक मूठभर, म्हणून कामाला माणसंही मूठभर. दुरुस्तीचे पैसे कोणी देत नाही, नव्या मार्गाचे देतात. त्यामुळे एक मार्ग कसाबसा बाहेर ढकलला की तीच माणसं पुढच्या मार्गाला जुंपली जातात. शिवाय मूळ खेळाची नवी आवृत्ती आली की जुने अ‍ॅड-ऑन, जे कण्हत कुंथत का होईना चालत होते, ते नव्यानं आजारी पडतात.

पटतं हो सगळं. पण मग इतक्यात विकू नका ना!

राग पैशांचा आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. कारण फुकटच्या मालावर आम्ही कधी रागावत नाही. आपल्याकडच्या हौशी पोरांनी मायक्रोसॉफ्टच्या त्या जुन्या खेळासाठी आणि पुढे ‘ओपन रेल्स’ या फुकट मिळणाऱ्या सिम्युलेटरसाठी अख्खी भारतीय रेल्वे उभी केली आहे. डब्ल्यूएपी-४ आहे, डब्ल्यूडीएम-३ए आहे, आयसीएफचे निळे डबे आहेत, पिवळ्या पाट्यांची स्टेशनं आहेत. यातला कुठलाही मार्ग पहिल्या झटक्यात चालला तर तो अपशकुन समजावा. आधी अमुक डब्यांचा संच उतरवा, मग तमुक झाडांचा, आणि ज्या संचाशिवाय काहीच चालत नाही त्याची लिंक नेमकी बंद पडलेली. स्टेशनाबाहेर रिक्षा स्टँडच्या शेजारी युरोपातलं लाकडी घर उभं असतं, कारण मूळ खेळात तेच होतं. माझ्याकडे असं एक इंजिन आहे, की त्याचा हॉर्न कोणा मुलानं पुलावर उभं राहून मोबाइलवर टिपलेला आहे. टिपताना मागे कुत्रं भुंकलं. आता हॉर्न दाबला की इंजिन वाजतं आणि कुत्रं भुंकतं, दर फाटकाला, दर बोगद्याला, इमानेइतबारे. तक्रार करायचं मनातही येत नाही. उलट दुसऱ्या इंजिनात हॉर्न नुसताच वाजला तर ओकं ओकं वाटतं.

आणि आमची जमातही काही साधी नाही. इंग्लंडातली माणसं आम्हाला रिव्हेट मोजणारे म्हणतात, आणि आम्ही मोजतो. उद्या कोणी बोरघाट अगदी हुबेहूब करून दिला, कर्जतला मागून ढकलणारी बँकर इंजिनं लागली, सदतिसात एकचा चढ, बोगद्यामागून बोगदे, पावसाळ्यातले धबधबे, लोणावळ्याला बँकर अलगद सुटली, सगळं यथासांग झालं, तरी पहिल्याच दिवशी तक्रार जाईल: कर्जतला वडापाववाल्याची हाळी फलाटाच्या चुकीच्या टोकाकडून ऐकू येते. तक्रार रास्त असेल, हा भाग निराळा.

तर त्या लाल सिग्नलाकडे येतो. आमच्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर एक काका राहतात, मध्य रेल्वेचे निवृत्त मोटरमन. मेंटेनन्सची पावती द्यायला ते आले, तेव्हा पडद्यावर माझी गाडी इंग्लंडातल्या एका स्टेशनाच्या बाहेर उभी होती आणि मी दोन्ही हातांत डोकं धरून बसलो होतो.

‘‘काय झालं?’’

‘‘सिग्नल पडत नाहीये.’’

‘‘पुढे गाडी असेल.’’

‘‘पुढे कोणी नाही, काका. बिघाड आहे. हा सिग्नल हिरवा होतच नाही.’’

काकांनी चष्मा लावला, मागचे सिग्नल दाखवायला सांगितले. हिरवा, मग दोन पिवळे, मग एक पिवळा, मग लाल. ‘‘अरे, हे तर आपलेच सिग्नल!’’ ते एकदम खुलले. मुंबईचे सिग्नल ब्रिटिश वळणाचे, त्यामुळे त्यांना काही परकं वाटेना. खुर्ची ओढून ते जवळ बसले. ‘‘ऑटोमॅटिक आहे का? ऑटोमॅटिक असेल तर दिवसा एक मिनिट थांबायचं, रात्री दोन मिनिटं, आणि मग जपून पुढे निघायचं.’’

मी म्हटलं, खेळात अशी मुभा नाही. लाल ओलांडला की फेरी संपली.

‘‘मग कंट्रोलला विचारा.’’

त्याची सोय आहे. एक कळ दाबली की पुढचा लाल सिग्नल ओलांडायची परवानगी मागता येते. मी दाबली. परवानगी नाकारली.

‘‘कारण?’’

‘‘कारण देत नाहीत.’’

काकांचा चेहरा उजळला. ‘‘हे अगदी बरोबर दाखवलंय.’’

थोडा वेळ आम्ही बसलो. मग माझा संयम सुटला. म्हटलं, जाऊ दे, ओलांडतो, गेली फेरी तर गेली. हात लीव्हरच्या कळेकडे गेला तर काकांनी मनगटच धरलं.

‘‘लाल ओलांडणार? माझ्यादेखत?’’

‘‘काका, खेळ आहे हो हा.’’

‘‘असेल. पण लाल तो लाल.’’ मग त्यांनी लाल ओलांडल्यावर काय काय होतं ते सांगायला घेतलं. गाडीवरून उतरवतात, चौकशी बसते, पस्तीस वर्षांची स्वच्छ नोकरी एका सेकंदात मातीत जाते. त्यांच्या आवाजात असा काही कंप होता, की मी कळेवरचं बोट आपोआप काढलं. आम्ही दोघं त्या लाल ठिपक्याकडे बघत बसलो. चहा आला. चहा आणणारीनं पडद्याकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं.

‘‘चित्र अडकलंय का?’’

‘‘नाही वहिनी,’’ काका गंभीरपणे म्हणाले, ‘‘सिग्नल आहे.’’

दुसऱ्या दिवशी ते लांबोडकी वही घेऊन आले. इंजिनात काही बिघाड आढळला तर चालकानं तो लॉगबुकात नोंदवायचा, शेडमधल्या माणसानं दुरुस्त करून समोर शेरा मारायचा आणि सही करायची, ही त्यांची रीत. त्यांनी गाडीचा क्रमांक, वेळ, जागा, सिग्नलाचा क्रमांक आणि दोष असे रकाने आखून सगळं टिपलं आणि ते मला इंग्रजीत कंपनीला पाठवायला लावलं. माझ्या आजवरच्या तक्रारी म्हणजे नुसता आरडाओरडा होता. ही पहिली तक्रार, की जी वाचून कोणाची तरी बदली होईल असं वाटावं.

कंपनीचं उत्तर आलं. आपला अनुभव चांगला नसल्याबद्दल खेद वाटतो. कृपया खेळ काढून पुन्हा टाकून पाहावा, आणि आपल्या संगणकाचा तपशील कळवावा.

काकांनी ते दोनदा वाचून घेतलं. ‘‘सिग्नल त्यांचा बंद, आणि इंजिन मी बदलू?’’

पुढे बऱ्याच दिवसांनी दुरुस्ती आली. तिच्यासोबतच्या निवेदनात ‘काही ठिकाणच्या सिग्नलांच्या समस्या सोडवल्या’ एवढाच मजकूर. काकांचा पहिला प्रश्न: ‘‘कोणी सोडवल्या? सही कुठे आहे?’’ सही नव्हती. तरी मी त्यांना मानानं खुर्चीत बसवलं. आता गाडी तेच चालवत होते. त्या दोन तासांत त्यांनी एकदाही घड्याळाकडे पाहिलं नाही आणि चौदाच्या चौदा स्टेशनांत बरोबर मिनिटाला गाडी लावली. शेवटच्या वळणावरून सिग्नल दिसला. हिरवागार. मी टाळी वाजवली.

काकांनी ब्रेक लावला.

‘‘काका, हिरवा आहे!’’

‘‘दिसतोय मला. त्याच्या पुढे बघा.’’

पुढे बघितलं. हिरव्या सिग्नलाच्या पलीकडे, त्याच रुळावर, शेपटाचे दोन लाल दिवे लावून एक गाडी उभी होती. कंपनीनं सिग्नल हिरवा केला होता, म्हणजे कायमचाच हिरवा केला होता.

‘‘आधीचा बरा होता,’’ काका म्हणाले. रेल्वेत सिग्नल बिघडला तर लालच राहिला पाहिजे, तो सुरक्षित बिघाड. नको तेव्हा हिरवा दिसणं म्हणजे राँग साइड फेल्युअर, त्याच्याइतकं वाईट काही नाही. आधीच्या बिघाडात वेळ जात होता, आता माणसं गेली असती. त्यांनी सगळे ब्रेक पूर्ण लावले, वहीत आजची तारीख घातली आणि हाताची घडी घालून बसले. मी म्हटलं, पुढची गाडी गेली की निघू. तर म्हणाले, ज्या सिग्नलावर विश्वास उरलेला नाही त्याच्या भरवशावर मी प्रवासी नेणार नाही. लेखी मेमो आल्याशिवाय गाडी हलणार नाही.

कंपनीला तसं कळवलं आहे. त्यांच्याकडून तिकीट आलं आहे. गाडी उभी आहे.